पहिला तुगरा स्वतःच्या हाताने: कोल्हापुरातल्या नवशिक्यांसाठी

कोल्हापुरात कुठल्याही मुस्लिम घरात गेलात की हॉलमध्ये दाराच्या वर एक फ्रेम दिसणारच. काळ्या नाहीतर हिरव्या मखमलीवर सोनेरी अक्षरं, कुठं आयतल कुर्सी (कुराणातली एक आयत, म्हणजे वचन), कुठं चार कुल (कुराणातले ‘कुल’नं सुरू होणारे चार छोटे अध्याय), कुठं नुसतं अल्लाह-मुहम्मद. आपल्याकडं सगळे त्याला तुगराच म्हणतात. पुस्तकी बघायचं तर तुगरा म्हणजे तुर्कस्तानच्या उस्मानी सुलतानांची नक्षीदार सही, पण बाजारात जाऊन तुगरा पायजे म्हटलं की ही फ्रेमच हातात मिळते, म्हणून मीपण तोच शब्द वापरतोय. हल्ली यातले बरेचसे मशीनवर कापलेले असतात, एमडीएफ नाहीतर अ‍ॅक्रिलिक. ते वाईट असं नाही, पण ज्याला स्वतःच्या हाताने एक करून घरात लावायचाय, किंवा मित्राच्या घरभरणीला द्यायचाय त्याच्यासाठी हे लिहितोय. अरबी येत नसेल तरी चालतं, चित्रकला येत नसेल तरी चालतं. आमचा धंदा बोर्ड रंगवायचा, त्यामुळं माझं सगळं बोलणं त्याच अंगानं येणार हे आधीच सांगून ठेवतो.

एक गोष्ट पहिल्यांदा डोक्यात पक्की करा. हे काम हाताच्या सफाईचं नंतर, आधी मोजमापाचं. लोकांना वाटतं खत्ताती, म्हणजे अरबी सुलेखन, हात सैल सोडून झोकात फिरवायचं काम. तसं काही नसतंय. दहाव्या शतकात बगदादला इब्न मुकला म्हणून एक वजीर होता (राजकारणात त्याचा उजवा हात तोडला, ९४० साली तुरुंगातच गेला बिचारा), त्यानं अक्षरांना माप लावलं. लेखणीच्या टोकानं काढलेला एक चौकोनी ठिपका हे एकक, आणि बाकी सगळी अक्षरं त्या ठिपक्यात मोजायची. हजार वर्षं झाली, इस्तंबूलपासून लाहोरपर्यंत आजपण शिकवताना तेच माप.

सगळ्यात आधी मजकूर ठरवा. आणि इथंच लोकांची गाडी घसरते, कारण उत्साहात थेट आयतल कुर्सी घेऊन बसतात. ती पन्नास शब्दांची आयत आहे, नवशिक्यानं तिच्या वाटेला जाऊ नये. एक शब्द घ्या. अल्लाह घ्या, किंवा माशाअल्लाह, अल्हम्दुलिल्लाह, फार तर बिस्मिल्लाह. बिस्मिल्लाह पूर्ण (बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम) घेतली तर १९ अक्षरं होतात आणि ती एका ओळीत बसवायलाच बराच घाम निघतो, म्हणून मी तर म्हणतो तीपण दुसऱ्या खेपेला ठेवा.

मजकूर ठरला की तपासून घ्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या इमेजवरून अजिबात नको. छापील कुराण समोर ठेवा आणि वर जवळच्या मशिदीतल्या मौलानासाहेबांना किंवा एखाद्या हाफिजना (ज्यांना कुराण पाठ असतं) कागद दाखवा. कुणी नाही म्हणत नाही, उलट बसवून चहा पाजतात. हे एवढं का सांगतोय ते बघा. रहीम या शब्दात जे ‘ह’ साठीचं अक्षर आहे त्याला ठिपका नसतो. त्याच अक्षराच्या पोटात चुकून एक ठिपका पडला की ते जीम (ज) होतं आणि शब्द होतो रजीम, म्हणजे धुडकावलेला, जे विशेषण सैतानाला लावतात. डिझाइनमध्ये जागा मोकळी दिसतेय म्हणून शोभेसाठी एक ठिपका टाकला तर काय होऊन बसतं ते कळलं ना? दुसरं, बिस्मिल्लाहमध्ये ‘बे’ (ब) नंतरचा अलिफ (उभ्या रेघेचं अक्षर) लिहीत नाहीत, पण कुराणातल्या ‘इक्रा बिस्मि रब्बिक’ या आयतीत तोच उच्चार अलिफ घालून लिहितात. म्हणजे इथला तुकडा उचलून तिथं चिकटवला की चूक झालीच. कानाला सारखं लागतंय म्हणून लिहायला सारखं असेल असं धरू नका.

आणि कॉम्प्युटरवरून प्रिंट काढून गिरवणार असाल तर आणखी एक लफडं. अरबी अक्षरं एकमेकांना जोडून येतात आणि उजवीकडून डावीकडं जातात. बऱ्याच डीटीपीवाल्यांच्या जुन्या सॉफ्टवेअरला हे झेपत नाही, मग पेस्ट केलं की अक्षरं सुटी सुटी होतात आणि क्रमपण उलटा लागतो. अल्लाह शब्दात अलिफ सुटा असतो, पुढचे दोन लाम (ल) आणि ‘हे’ (ह) ही तीन अक्षरं खालून एकमेकांना धरून असतात. ती तीन सुटी दिसली की समजायचं प्रिंट फेल. गावात फ्लेक्सवर हे असलं छापून लागलेलं दिसतं आणि कुणी बोलत नाही कारण वाचताच येत नाही.

आता लिहायचं कसं. दोन रस्ते आहेत.

सोपा रस्ता: ग्राफ पेपर

लेखणी हातात धरायच्या आधी हा करून बघा, खरंच सांगतो. चौकोनी कूफी नावाचा एक प्रकार आहे, इराण आणि मध्य आशियात विटांच्या भिंतींवर करायचे, समरकंदला तैमूरच्या मकबऱ्यावर आहे, इस्फहानला आहे. वीट आडवी-उभीच बसणार, गोलाई येणार कुठून, म्हणून अक्षरंच चौकोनी केली. नियम एकच: काळ्या रेघेची जाडी आणि मधल्या पांढऱ्या जागेची जाडी एकसारखी पायजे.

शाळेचा ग्राफ पेपर घ्या. नऊ घरं रुंद, सात घरं उंच अशी चौकट आखा. उजव्या टोकाचा पहिला उभा रकाना खालपासून वरपर्यंत काळा करा, हा अलिफ. दुसरा रकाना पूर्ण मोकळा सोडा. तिसरा पूर्ण काळा, हा पहिला लाम. चौथ्यात फक्त तळाचं एक घर काळं, म्हणजे जोडणी. पाचवा पूर्ण काळा, दुसरा लाम. सहाव्यात परत तळाचं एकच घर. आता राहिले तीन रकाने, त्यात तळाला तीन बाय तीनचा चौकोन काळा करा आणि बरोबर मधलं घर पांढरं ठेवा, तो ‘हे’. झालं, अल्लाह. ‘हे’च्या डोक्यावर बारा घरं मोकळी राहतात आणि ती पहिल्यांदा डोळ्यात खुपतात, पण तिथं फुलंबिलं काढायला जाऊ नका. या कागदाला चारी बाजूंनी फिरवून चार अल्लाह एका चौकोनात बसवता आले तर त्या मोकळ्या जागा कुठं जातात ते बघा, हा खेळ एकदा लागला की रविवार कधी गेला कळत नाही. यातूनच तुमचा पहिला तुगरा तयार होऊ शकतो, आणि लेखणीवाला होईपर्यंत भिंत रिकामी राहत नाही.

खरा रस्ता: बोरू

मोडीच्या वर्गाला गेलेल्या कुणालाही विचारा, बोरू काय ते सांगेल. आपल्या आज्या-पणज्यांनी जमाखर्च ज्यानं लिहिला तीच ही वस्तू, फक्त टोक कापायची तऱ्हा वेगळी. बोरू नाही मिळाला तर बुरुडाकडं जाऊन कळकाची बोटाएवढी जाड, वाळलेली काडी मागा. मोठ्या अक्षराला कळकच बरा, टोक लवकर बसत नाही.

कापायचं असं. धारदार कटर घ्या. काडीच्या टोकाला साधारण तीन-चार सेंटिमीटर लांब तिरपा काप देऊन पोट उघडं करा, आतला मऊ गर खरवडून काढा. दोन्ही बाजू तासून टोक पायजे त्या रुंदीचं करा, सुरुवातीला पाच मिलिमीटर पुष्कळ. मग टोकाच्या मधोमध उभी चीर द्या, म्हणजे शाई खाली उतरते. शेवटी कडक गोष्टीवर टोक टेकवून एकाच दाबात तिरपं छाटा. जुने लोक यासाठी हाडाची नाहीतर हस्तिदंताची छोटी पट्टी ठेवायचे, तिला मकता म्हणतात, आपल्याला जाड प्लास्टिकची फूटपट्टी चालते. छाट एका घावात आली पायजे. करवतीसारखं घासलं की टोकाला कुसळं राहतात आणि रेघेच्या कडा फाटक्या येतात.

तिरपी कुठल्या बाजूला? पोट तुमच्याकडं आणि टोक वर धरलं तर एक कोपरा उंच, एक बुटका दिसतो, कुठला उंच ठेवायचा ते खाली सांगितलेल्या डावखुऱ्या निबवरून बघा. इंग्रजी कॅलिग्राफीच्या तिरप्या निबचा कल अरबीला उलटा पडतो. म्हणून कुणाला बोरूचा खटाटोप नको असेल तर त्यानं डावखुऱ्यांसाठी म्हणून जी तिरपी निब मिळते ती मागवावी. उजव्या हातानं अरबी लिहिणाऱ्याला तीच बरोबर बसते. दुकानदार म्हणेल तुम्ही तर उजवे दिसताय, हसून द्या पैसे.

आणि बोरूपण नको, निबपण नको, तर सुताराची चपटी पेन्सिल आणा. किंवा दोन पेन्सिली शेजारी शेजारी ठेवून रबरबँड लावा, दोन टोकांमधलं अंतर म्हणजे तुमच्या बोरूची रुंदी. अक्षर कुठं जाड होतंय, कुठं बारीक होतंय, कुठं टोक वळतंय हे या दोन रेघांत जेवढं उघडं दिसतं तेवढं शाईत दिसत नाही. शिकणाऱ्यानं पहिले काही आठवडे यावरच काढावेत असं माझं मत.

शाई-कागदाचं. अस्सल शाई म्हणजे दिव्याची काजळी आणि बाभळीचा डिंक, खलात तासन्‌तास घोटलेली. दौतीत कच्च्या रेशमाचा गुंता टाकतात, त्याला लिका म्हणतात. त्यानं लेखणी दरवेळी मोजून शाई उचलते आणि टोक तळाला आपटत नाही. रेशमाचे धागे जुन्या फाटक्या साडीचे चालतात, फक्त अस्सल रेशीम पायजे. बाजारची वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक बोरूत वाळून बसते, शिवाय एकदा कागदावर पडली की निघत नाही. डिंकाची शाई ओल्या बोळ्यानं पुसता येते, आणि खत्तातीत तो फार मोठा आधार आहे.

पण पुसता यायला कागदपण तसला लागतो. साध्या कागदात शाई मुरते. म्हणून कागदाला आधी खळ देतात आणि त्यावर अंड्याचा थर चढवतात, त्याला आहार म्हणतात. अंड्यातला पांढरा बलक वाडग्यात घ्यायचा, तुरटीचा खडा त्यात फिरवत राहायचा, फेस येतो, तो बसून पाण्यासारखं झालं की फडक्यातून गाळायचं आणि चहाच्या पाण्यात रंगवून वाळवलेल्या, खळ दिलेल्या कागदावर मऊ ब्रशनं लावायचं. वाळला की आठवड्याच्या आत गुळगुळीत दगडानं घोटायचा, उशीर केला तर थर तडकतो. दगड अकीकचा असला तर भारीच. घोटायच्या आधी कोरडा साबण लोकरीच्या फडक्याला लावून कागदावरून फिरवला की दगड अडकत नाही. तयार कागद वर्षभर मुरायला ठेवायची पद्धत आहे. नवशिक्यानं एवढं करायची गरज नाही, लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये जाऊन आर्ट पेपरच्या उरलेल्या पट्ट्या मागा. चकचकीत असतात, शाई वरच राहते, आणि रद्दीच्या भावात मिळून जातात.

आता मुख्य काम, मश्क. म्हणजे सराव. ज्यात मोठे तुगरे लिहितात ती शैली सुलुस. तिच्यात अलिफाची उंची साधारण सात ठिपके. नस्ख शैलीत, ज्यात कुराण छापलेलं असतं, पाच. उर्दू पुस्तकांची ती नस्तालीक, तिच्यात अलिफ बुटका, तीनेक ठिपक्यांचा. उस्तादागणिक यात थोडा फरक सापडेल, त्यात अडकू नका, एक नमुना धरा आणि तोच चालवा.

ठिपका काढायचा म्हणजे बोरूचं पूर्ण टोक कागदावर टेकवायचं आणि रुंदीएवढंच तिरपं खाली ओढायचं, शंकरपाळ्यासारखा आकार आला पायजे. असे सात शंकरपाळे एकावर एक, कोपऱ्याला कोपरा लावून काढा. त्याच्या शेजारी अलिफ. आता अलिफ नीट बघा, ती सरळ रेघ नसते. वर डोक्याला छोटा काटा असतो, मग रेघ किंचित आत वाकते आणि खाली जाता जाता निमुळती होते. बोर्ड रंगवणाऱ्याला हे लगेच कळतं, नवीन पोरं मात्र फूटपट्टी लावल्यासारखा खांब ओढतात आणि मग म्हणतात आमचं अक्षर मेलेलं का दिसतंय. एक पान नुसते ठिपके, एक पान अलिफ, एक पान बे, असं चालू द्या. तुर्की परंपरेत तर अक्षरांच्याही आधी ‘रब्बी यस्सिर’ ही दुआ लिहायला देतात, देवा सोपं कर, अवघड करू नको, अशा अर्थाची. उस्ताद लाल शाईनं खाली दुरुस्ती करून देतो आणि तीच ओळ परत. आपल्याकडं समोर उस्ताद नसेल तर जुन्या मश्कांचे फोटो नेटवर चांगल्या रिझोल्यूशनमध्ये मिळतात, हाफिज उस्मान (तुर्की खत्तात म्हणजे सुलेखनकार, १६४२ ते १६९८) यांचं नाव टाकून शोधा. व्हिडिओ बघितलात तरी लेखणीचं टोक कुठल्या कोनात आहे तेवढंच बघा, बाकी पार्श्वसंगीत.

डावखुऱ्यांना शाई पुसली जायची भीती नाही, कारण हात लिहिलेल्याच्या पुढं असतो. फायदा एवढाच, लेखणीचा कोन मात्र जुळवून घ्यावा लागतो.

रचना मांडताना घाई नको. पेन्सिलनं बटर पेपरवर पाच-सहा वेगवेगळ्या मांडण्या करा, अक्षरांचे तुकडे सुटे कापून सरकवून बघा. सुलुसमध्ये शब्द एकमेकांवर चढवतात, पण वाचायचा क्रम सहसा खालून वर जातो, तो बिघडवू नका. बिस्मिल्लाह घेतली असेल तर ‘सीन’ लांब ओढायची रीत आहे, ओळीची लांबी जुळवायला तिथं मोकळीक मिळते. झेर-झबर (स्वरांच्या खुणा) आणि बाकी बारीक चिन्हं सगळ्यात शेवटी, लहान लेखणीनं. उरलेल्या फटी याच चिन्हांनी भरतात, मगाशी सांगितलेल्या ठिपक्यांनी नाही.

मोठं करायचं असेल तर खाका काढा. ही आपली जुनीच विद्या, भरतकामवाले वापरतात, बोर्डवाले वापरतात आणि उस्मानी खत्तातसुद्धा हेच करायचे. काळ्या कागदावर हरताळाच्या पिवळ्या शाईनं लिहायचे, कडेकडेनं सुईनं भोकं पाडायचे आणि त्यावर पूड मारून अक्षर खाली उतरवायचे. (हरताळात आर्सेनिक असतं, तुम्ही त्याच्या नादाला लागू नका, पिवळा पोस्टर कलर घ्या.) बटर पेपरवर बारीक सुईनं भोकं पाडा, मागून बारीक सँडपेपर फिरवून भोकांचे काठ उडवा, खडूची पूड पातळ फडक्यात बांधून पुरचुंडी करा आणि हलकी थोपटा. गडद हिरवा नाहीतर काळा प्लाय, त्यावर पांढरे ठिपके उमटतात, ते जोडून सोनेरी एनॅमल भरायचं. पुरचुंडी घासायची नाही, थोपटायचीच, घासली की पूड पसरते आणि कड हरवते. याहून मोठं हवं असेल तर पिक्चरचे बॅनर रंगवणारे करायचे तसं चौकटी आखून वाढवा.

मोठं करायच्या आधी दार मोजा. चेष्टा नाही. इस्तंबूलच्या आयासोफिया मशिदीत कजास्कर मुस्तफा इज्जत एफेंदींनी लिहिलेल्या आठ गोल पाट्या आहेत, प्रत्येकी साधारण साडेसात मीटर व्यासाच्या, १८४७ ते १८४९ च्या दुरुस्तीत लागलेल्या. पुढं तिथं म्युझियम झालं तेव्हा त्या खाली उतरवल्या आणि दारातून बाहेरच निघेनात. शेवटी आतच पडून राहिल्या आणि १९४९ ला परत वर चढल्या. आपल्या पेठेतल्या जिन्याची वळणं बघता प्लायचा चार बाय सहा फुटी तुकडासुद्धा वर जाईल का याची खात्री आधी करा.

मधे कधीतरी एक सुट्टी काढून विजापूरला जाऊन या, पहाटे निघालं तर एका दिवसात होतं. गोलघुमट सगळेच बघतात, तुम्ही इब्राहिम रोजाला जास्त वेळ द्या. दुसरा इब्राहिम आदिलशहा १६२७ ला गेला, त्याची ही कबर. खिडक्यांच्या वर दगडाची जाळी आहे आणि ती जाळी म्हणजेच अक्षरं, अक्षरांच्या मधली जागा कोरून आरपार काढलीय, त्यातून उजेड आत येतो. अक्षर आणि मोकळी जागा यांचं नातं शिकायला यापेक्षा चांगला वर्ग मला माहीत नाही. कॅमेरा झूम करून एकेक अलिफ बघा, आणि वही घेऊन बसा, फोटो काढून पळू नका.

फ्रेमचं थोडक्यात. डिंकाच्या शाईचा वैरी म्हणजे पाणी, आणि कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. कागद थेट काचेला चिकटला तर दमटपणात शाई काचेवर उठते, म्हणून मधे माउंट लावून घ्याच, फ्रेमवाला नको म्हणाला तरी. फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बूच लावा, म्हणजे भिंतीपासून जरा लांब राहते आणि हवा खेळते. ओल येणाऱ्या भिंतीवर आणि बाथरूमच्या भिंतीला लागून लावू नका, पहिल्याला कारण ओल, दुसऱ्याला कारण अदब. पाय करून झोपतो त्या बाजूलाही घरची मंडळी लावू देत नाहीत. कुणाला भेट देणार असाल तर लावायची जागा आधी त्यांनाच विचारा.

सरावाच्या कागदांचं काय करायचं हे कुणी सांगत नाही. त्यावर अल्लाहचं नाव असतं, म्हणून ते केराच्या डब्यात टाकत नाहीत. आर्ट पेपर आणि डिंकाची शाई असेल तर बादलीत भिजवा, शाई सुटते, ते पाणी मोरीत न ओतता झाडाच्या बुंध्याला घाला आणि कागद वाळवून परत वापरा. न धुतले जाणारे कागद साठवून मशिदीत द्या, बऱ्याच ठिकाणी जीर्ण पानांसाठी वेगळी पेटी असते.

राहता राहिली सही. परंपरेत उस्तादाकडून इजाजत मिळाल्याशिवाय शागीर्द कामाखाली स्वतःचं नाव घालत नाही. तुमच्या पहिल्या तुगऱ्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं तारीख आणि गावाचं नाव टाका, तेवढं बास.